टाचेकडचा दांडा

डाव्या बुटाच्या नाकावर काळा ओरखडा,
उजवा कोरा.
चांभार म्हणायचा, लॉर्ना,
तुझे बूट जोडीनं म्हातारे होत नाहीत.
अठ्ठावीस वर्षं मी गिअर उचलत आले
अंगठ्याच्या पाठीनं:
बोट दांड्याखाली सारायचं, हलकेच वर,
टक्.
बिस्मार्कपासून मेडोरापर्यंत किती टक्,
कोण मोजतंय.

मार्चमध्ये डॉक्टरनं त्या अंगठ्यात दोन स्क्रू घातले
आणि सांधा कायमचा बंद केला.
आता तो मोडेल पण वाकणार नाही,
थेट माझ्या बापावर गेलाय.

मे महिन्यात बर्फ वितळून रस्ता कोरडा झाला.
बसले. क्लच दाबला. पहिला पडला.
दुसऱ्यासाठी बोट दांड्याखाली घातलं
आणि डोळ्यांपुढे काजवे.
पहिल्यातच, गुरगुरत, गव्हाच्या कोठारापर्यंत गेले
आणि पहिल्यातच परत.
खिडक्यांमधून बघत असतील लोक. बघू देत.

जावयानं गाडीची किंमत काढून ठेवली,
विजेच्या बिलाच्या पाठीवर.
बहीण म्हणाली, साठी उलटली,
शाळेची बस चालवतेस ती काय कमी आहे?
(बसला गिअरच नाहीत. ते तिला कसं सांगायचं.)

आर्विड स्कोगेन काही म्हणाला नाही.
कोठारातून आला, भुश्यानं पांढरा,
टोपी उलटी करून जमिनीवर बसला,
आधी माझा पाय बघितला, मग गाडीचा.
"उचलायचं कशाला," म्हणाला,
"दाब."

शनिवारी त्यानं भंगारातला दांडा आणला,
मधे भोक, पुढे एक पाय, मागे एक पाय.
पुढचा बोटांनी दाबला की गिअर खाली,
मागचा टाचेनं दाबला की वर.
वर जायला खाली दाबायचं.
मी म्हटलं, हे कुठल्या चर्चमध्ये शिकवतात?
तो हसला नाही. त्याच्या तोंडात बोल्ट होता.

जुना दांडा कुठे बसत होता त्याची खूण हवी होती,
म्हणून माझी नखरंगाची बाटली शोधली.
झाकण पक्कडीनं उघडावं लागलं.
लोखंडावर एक लाल ठिपका.
एक दाता वर बसवला: टाच अधांतरी.
एक दाता खाली: बूट फूटबोर्डावर आपटतो.
पुन्हा काढला. पुन्हा अ‍ॅलन की.
तिसऱ्यांदा तो मला न विचारता थांबला
आणि मी पाय ठेवला, तर
दोन्ही पायांच्या मधोमध
बुटाला निवांत टेकायला
चार बोटं जागा.

सवय मात्र स्क्रूनं बंद होत नाही.
पहिल्याच चौकात, सिग्नल लाल,
खाली यायचं तर मी टाच दाबली,
गाडी तिसऱ्यात, इंजिन रेड्यासारखं हंबरलं,
मागचा ट्रकवाला हॉर्नवर बसला.
दुसऱ्या दिवशीही बोट आपोआप
जुन्या जागी, दांड्याखाली, शिरायला बघायचं
आणि तिथे काही नसायचं.

मग त्र्याऐंशी नंबरच्या रस्त्यावर,
दोन्हीकडे सूर्यफुलं अजून वीतभरच,
वारा उजवीकडून,
टाच गेली. मी पाठवली नव्हती.
दुसरा. तिसरा. चौथा.
खीळ ठोकल्यासारखा जड, मोकळा आवाज,
आणि अंगठा बुटात स्वस्थ,
बापासारखा, जेवणानंतरच्या खुर्चीत.

पैसे घे म्हटलं तर आर्विडनं
तो जुना, एकच पाय असलेला दांडा मागितला.
काय करणार आहेस त्याचं?
बघू, म्हणाला.

काल त्याच्या शेडमध्ये गेले होते, पाना परत द्यायला.
दाराजवळ तो दांडा भिंतीला ठोकलाय,
माझ्या बोटानं झिजलेली बाजू वर करून.
त्यावर त्याची टोपी होती.
शेजारी दुसरा खिळा.
रिकामा.
मी हेल्मेट हातातच धरून
बराच वेळ पान्याबद्दल बोलत राहिले.